शीच्या खुर्चीचे तीन पाय

शीला बसलेले लहान मूल फार लांबचे काहीतरी पाहत असते. डोळे उघडे असतात, पण नजर समोरच्या भिंतीवर थांबत नाही. भिंतीपलीकडच्या एखाद्या मऊ, उजळ प्रदेशात ती निघून गेलेली असते. ओठ किंचित विलग होतात. दंडावर मुंगी चढली तरी मूल तिला झटकत नाही, तिच्याशी हळू आवाजात बोलू लागते. पूर्ण विसावलेल्या माणसाचा चेहरा कसा असतो, हे मला कवितेने शिकवले नाही. ते अडीच-तीन वर्षांच्या मुलांनी शिकवले, आणि तेही अशा जागी, जिथे पाहुण्याला कुणी बोलावत नाही.

माझा व्यवसाय कोणता, असे कुणी विचारले की मी अजूनही क्षणभर थांबते. धाराशिवच्या एका महाविद्यालयात काही वर्षे मी कविता शिकवली. त्यानंतरचे बहुतेक आयुष्य लहान मुलांसाठी शीची खुर्ची तयार करण्यात गेले. लग्नाच्या पंगतीत हे वाक्य उच्चारले की शेजारणीच्या हातातला घास थबकतो. माझी थोरली जाऊ म्हणून परस्परच सांगून मोकळी होते, “आमची धाकटी फर्निचरमधी हाय.”

या कामाकडे मी वळले ती गाण्यांच्या वाटेने. महाविद्यालय सुटल्यावर एका संस्थेसाठी स्वच्छतेची गाणी लिहीत गावोगाव हिंडत होते. घरोघरी नवे संडास झालेले होते. निळ्या रंगाचे पत्र्याचे दार, आत ओल्या सिमेंटचा गार वास, जाळीतून तिरपा उतरणारा उजेड, आणि जमिनीत बसवलेले पांढरेशुभ्र भांडे. आणि त्याच संडासाच्या मागच्या सावलीत, मातीत, मुले बसलेली. लोहाऱ्याला अशाच एका पोराला मी विचारले, “आत का नाही बसत?” त्याने माझ्याकडे, मलाच काही कळत नसल्यासारखे, पाहिले आणि म्हणाला, “आत पडंन की!”

मी आत जाऊन पाहिले. मोठ्या माणसाच्या मापाचे ते भांडे त्याच्या दोन पायांत मावणारे नव्हते. पाय फाकवून बसायचे तर खाली काळे भोक, तोल गेला तर धरायला काही नाही. त्या दिवशी लिहायला घेतलेले गाणे तसेच राहिले. पडण्याच्या भीतीला यमक जुळत नाही.

आमच्या गल्लीच्या टोकाला युसूफमिस्त्रींचा सुतारकामाचा कारखाना होता. कारखाना म्हणजे पत्र्याची एक लांब शेड. तिथली हवा वासांनी भरलेली असे: सागाचा कोरडा, उबदार वास, बाभळीचा तुरट, आणि कडुनिंबाची फळी कापली की जिभेवरच उमटणारा कडवटपणा. भुशाचे कण उन्हात तरंगत राहत. मिस्त्री त्या सोनेरी धुक्यात मांडी घालून बसलेले असत. सारी गल्ली त्यांना चाचा म्हणे. मी काय करून हवे ते सांगितले, तेव्हा त्यांनी कानामागची पेन्सिल काढून पुन्हा कानामागे ठेवली.

“बाई, म्या पाळणे केले, चौरंग केले, नवरीची कपाटं केली. आता ह्ये बी करायचं?”

“मूल पाळण्यातून उतरलं की कुठं जातं, चाचा?”

ते बराच वेळ हसले. “खरं हाय. आदी पाळणा, मंग ह्ये. मधलं कुनी केलंच न्हाय.”

ज्यांनी हे काम जवळून पाहिलेले नाही, त्यांच्यासाठी थोडे सांगते. खुर्ची भांड्याच्या वर, भांड्याला न टेकता उभी राहायला हवी. भोक असे हवे की मूल आत घसरणार नाही, आणि आत पडायचे ते बाहेर सांडणार नाही. कड इतकी गोल हवी की मांडीवर वळ उठू नये. आणि या साऱ्याच्या आधी ती हलता कामा नये. मोठ्या माणसाची खुर्ची थोडी डुगडुगली तर तो घडीचा कागद पायाखाली सारतो. मुलाची खुर्ची एकदा हलली की त्याच्या अंगातले सगळे मिटून जाते. शी ही अंग सैल सोडल्यावरच होणारी गोष्ट आहे, आणि भ्यालेले अंग सैल सुटत नाही.

आमचे गिऱ्हाईकही विलक्षण. तामलवाडीच्या एका बाईने खुर्चीवर पाण्याचा माठ ठेवला, आणि मी गेले तेव्हा त्याच माठातले पाणी मला दिले. (मी प्यायले, खुर्ची नवीकोरी होती.) लोहाऱ्याच्या एका आजोबांनी नातवाची खुर्ची अंघोळीसाठी स्वतःकडे घेतली, आणि नातू रडू लागल्यावर म्हणाले, “तुला अजून लई वरसं हाईत बसायला.” एक मुलगी तर तासभर उठत नसे. तिच्या लेखी ती एस.टी.तली खिडकीची जागा होती, आणि बार्शी आल्याशिवाय ती उतरणार नव्हती.

पण अडचण राहिलीच होती. संडासाची जमीन कधी सपाट नसते. पाणी वाहून जावे म्हणून गवंडी तिला भांड्याकडे उतार देतो, आणि प्रत्येकाच्या हाताचा उतार निराळा. आमच्या चार पायांच्या खुर्चीचा एक पाय नेहमी अधांतरी राही. डुग, डुग. मी हताश झाले होते. तेव्हा चाचांनीच वाट काढली.

“तीन पाय लावू. तिवई बघितलीव का कदी डुगडुगताना? शेतात ठिवा, वट्यावर ठिवा, तीन पाय टेकत्यातच.”

एक पाय पुढे, दोन मागे. पावले टेकायला दोन बाजूंना दोन पट्ट्या. ती खुर्ची आम्ही कारखान्याच्या फरशीवर ठेवली, अंगणात ठेवली, नालीच्या काठावर ठेवली. ती कुठेच हलली नाही. गल्लीतली मुले आणून आम्ही एकेकाला तिच्यावर बसवले. मी प्रत्येकाला काखेत धरून अलगद उचलीत होते आणि फूल ठेवावे तसे ठेवीत होते. ती बसत, पाय हलवीत, हसत. त्या तीन पायांवर मी मनोमन ओळी रचल्या होत्या, हे आज लिहिताना लाज वाटते.

ठरले असे की बारा लाकडी खुर्च्या तेरच्या बारा घरी महिनाभर वापरायला द्यायच्या. त्या पसंत पडल्या की सोलापूरला साचा काढायचा आणि प्लास्टिकच्या करायच्या. साचा एकदा कोरला की त्यात बदल होत नाही.

महिना भरल्यावर मी एस.टी.ने तेरला गेले. तेरणेच्या काठची ती जुनी, पसरलेली वस्ती दुपारी अर्धवट झोपेत असल्यासारखी वाटते. घरोघरी मला चहा मिळाला आणि एकच उत्तर मिळाले: “लई चांगली हाय.” फक्त सविताच्या घरून खुर्ची परत आली. सविता तरुण, अबोल, सातव्या महिन्यातली. तिची ईश्वरी अडीच वर्षांची. खुर्ची धुऊन, पुसून, जुन्या साडीच्या तुकड्यात बांधलेली होती, आणि सोबत भुईमुगाच्या शेंगांची भलीमोठी पिशवी. देताना सविताची सासू म्हणाली, “चांगलीच हाय वो, पन आमच्यात जागा न्हाय. आन् शेंगा राहू द्या. रिकामं कसं पाठवायचं?” ईश्वरी झोपली आहे, असे मला सांगण्यात आले.

मी ती पिशवी कौतुकाने मिरवीत कारखान्यात आणली. चाचांनी मूठभर शेंगा घेतल्या, एक फोडली, खाल्ली, आणि साडीचा तुकडा सोडला. मग त्यांचा जबडा हलायचा थांबला. उजव्या बाजूच्या पट्टीवरून त्यांनी अंगठा फिरवला.

“बाई, शेंगा गोड हाईत. पन ही खुर्ची पडली हाय.”

“कशावरून?”

“हितं रंग खरवडलाय, आन् पुढचा पाय सांध्यात ढिल्ला. ठिवून असं व्हत न्हाय. आपटल्यावर व्हतं.” त्यांनी तो पाय हलवून दाखवला. “आन् खुर्ची एकली पडत न्हाय.”

उरलेल्या शेंगा त्यांनी पुन्हा पिशवीत टाकल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने मी पुन्हा तेरला होते. ईश्वरी अंगणात होती. मला पाहताच ती आजीच्या पदरामागे गेली, पण तेवढ्यात तिच्या हनुवटीवरची पांढरी पट्टी मला दिसली.

“सविता, खरं सांग. पडली ना ती?”

सविताने सासूकडे पाहिले. सासूच बोलली. “पडली म्हंजी... लेकरं पडत्यातच की. तुमी एवढ्या मायेनं आणून दिली. दारात आलेल्याला तोंडावर कसं म्हनायचं, तुमची वस्तू वाईट हाय म्हून?”

“आत्या, आता सांगू द्या मला,” सविता म्हणाली, आणि तिचा अबोलपणा एकदम फुटला. “रोज मीच उचलून बसवायची, ताई. त्या दिशी म्या भाकरी थापत हुते. ही म्हनली, मी मोठी झाले, माजी मी चढते. कडंच्या पट्टीवर पाय दिला आन् खुर्चीसकट आडवी. एक पाय भांड्यात. आज पाचवा दिवस हाय, तिनं शीच केली न्हाय. पोट बघा, दगडावानी झालंय. डॉक्टरनं औषध दिलं, पन म्हनले, भ्या गेल्याबिगर काय खरं न्हाय. संडासाकडं नेलं की गळ्याला मिठी मारून किंचाळती. आन् मला तर आता उचलवत बी न्हाय तिला.”

मी अंगणातच खाली बसले. आमची चूक मला आता स्वच्छ दिसत होती. जी खुर्ची डुगडुगत नाही, तीही कलंडू शकते. तीन पाय तीन ठिकाणी टेकतात खरे, पण त्या तिघांमध्ये जो त्रिकोण होतो, त्याच्या बाहेर वजन पडले की खुर्ची त्या अंगाला जाते. आणि आमच्या पट्ट्या त्या त्रिकोणाच्या बाहेर होत्या. बसलेल्या मुलाचे वजन मधोमध असते. चढणाऱ्याचे नसते. आम्ही एकाही मुलाला चढू दिले नव्हते. मायेने उचलले होते प्रत्येकाला. आपल्या घरांतून मूल चढू लागले की चार हात पुढे येतात. ते हात जेव्हा नसतात, त्या क्षणाचा विचार माझ्या मनात आलाच नव्हता.

दुपार सरली. शेणाने सारवलेल्या अंगणावर कडुनिंबाची सावली पाण्यासारखी हलत होती. ईश्वरी पोट धरून कण्हू लागली. तेव्हा तिच्या आजीने अंगणाच्या कडेला पाट मांडला, त्यावर टेकली, दोन्ही पाय समोर लांब केले आणि नातीला त्या दोन पावलांवर बसवले, स्वतःकडे तोंड करून. हे दृश्य मी जन्मभर पाहत आले होते. माझ्या आईने मला असेच बसवले असणार. पण पाहणे आणि मोजणे यांत अंतर असते. त्या दिवशी मी मोजले. ईश्वरीची पावले जमिनीला पूर्ण टेकलेली होती. तिचे हात आजीच्या गुडघ्यांवर होते. ती मागे रेललेली नव्हती, पुढे झुकलेली होती. आणि तिच्या खालचे दोन पाय एकमेकांपासून सुटे होते: ती डावीकडे कलली की डावा पाय तेवढा दबे, उजवा स्थिर राही.

“बस माय, बस. श्शी... श्शी...” आजी झोपवल्याच्या सुरात म्हणत राहिली. दोन पारवे भिंतीवर येऊन बसले, उडाले, पुन्हा आले. पोर दुखून रडली, आजीचे लुगडे दातांत धरून रडली, आणि अखेर मोकळी झाली.

मग आजीला उठता येईना. मी आणि सविताने तिला दोन्हीकडून धरून उभे केले. “गुडघे गेले,” ती म्हणाली. “आजच्याला झालं. उद्या न्हाय व्हायचं माज्यानं. आन् हिला तर दोन म्हैन्यांत दुसरं येतंय.” तिने माझ्याकडे पाहिले, त्या नजरेत तक्रार नव्हती, म्हणून ती अधिक लागली. “भ्यालं तर धरून ठेवतंय, धरलं की दुखतंय, दुखलं की आनखी भेतंय. काय करावं, तुमीच सांगा.”

पुढचे काही दिवस आम्ही उरलेल्या अकरा खुर्च्या गोळा करीत हिंडलो. आता मी “कशी आहे?” असे विचारीत नव्हते, “कधी पडली?” असे विचारीत होते. आणखी तीन घरांतून कबुली मिळाली. त्या तिन्ही घरांनी मागे मला हरभरा, बोरे, गूळ असे काही ना काही दिलेले होते. तेव्हापासून माझा एक नियम झाला आहे: वस्तूच्या कौतुकाबरोबर पिशवी जड येऊ लागली की वस्तू उलटी करून पाहावी. सोलापूरला साचा थांबवायला सांगितला, तेव्हा तिथले गृहस्थ रागावले. रागावू दिले.

चाचांनी मात्र दोन दिवस करवतीला हात लावला नाही. तिवई त्यांच्या वडिलांनी त्यांना शिकवलेली पहिली वस्तू होती. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला बोलावले आणि जमिनीवर बसून पाय लांब केले. “बाई, त्या म्हातारीवानी बसलोय. घ्या मापं.”

नव्या खुर्चीला पाय नव्हतेच. दोन बाजूंना दोन आडव्या, लांब फळ्या होत्या, पुढे पार मुलाच्या पावलांच्याही पलीकडे गेलेल्या. बैठक एवढी खाली की भांड्याशेजारीच मुलाची पावले टेकावीत. समोर, हातांच्या उंचीवर, एक गोल दांडा. आणि चाचांची खरी करामत अशी की दोन्ही फळ्या बैठकीला घट्ट ठोकलेल्या नव्हत्या. एकेका खिळीवर त्या सुट्या झुलत होत्या, पण फटीत मुलाचे बोट जाणार नाही इतक्याच. जमिनीचा उतार जसा असेल तशी प्रत्येक फळी आपापली टेकत असे. कुठेच अधांतर नाही.

या वेळी आम्ही कुणालाही उचलले नाही. गल्लीतली मुले समोरून चढली, बाजूने चढली, पाठमोरी चढली, दोन-दोन मिळून लोंबकळली. शेवटी चाचा स्वतः एका कडेवर उभे राहिले. “बघा, मला बी पाडत न्हाय.”

तेरला ते माझ्याबरोबर आले. खुर्ची आम्ही संडासात नेली नाही, अंगणात ठेवली. ईश्वरी दूर उभी राहिली. आजीने कसेबसे आणखी दोनदा पायांवर घेतले होते. मधले दिवस कोरडेच गेले होते.

“ही पाडती,” ईश्वरी म्हणाली.

चाचा तिच्या उंचीवर उकिडवे बसले. “पाडत व्हती, माय. माजी चूक व्हती ती. तिला म्या लावलेले पाय बरोबर नव्हते. तुला लागलं.”

मला वाटते, तिच्या आयुष्यात कुणा मोठ्या माणसाने तिच्यापुढे चूक कबूल करण्याची ती पहिलीच वेळ असावी. तिने त्यांच्या पांढऱ्या दाढीकडे निरखून पाहिले. मग पुढे येऊन खुर्चीला एक लाथ मारली. खुर्ची जागची हलली नाही. तिने आणखी एक मारली.

“मार, मार,” चाचा म्हणाले. “आनखी जोरात.”

त्या दिवशी ती बसली नाही. आम्हीही आग्रह केला नाही. खुर्ची अंगणातच राहिली. सविताने फोनवर कळवले की तिच्यावर बाहुली बसली, मग मांजर बसले, मग कपडे घालूनच स्वतः ईश्वरी बसली, आणि तिथेच तिने भाकरी खाल्ली. “खाऊ दे,” मी म्हटले. “जिथे खावंसं वाटतं, तिथे भीती नसते.”

नंतर आम्ही गेलो तेव्हा खुर्ची अंगणात नव्हती. संडासाचे दार उघडे होते आणि ईश्वरी दोन्ही हातांनी तिला आत ओढीत होती, घासत, थांबत, धापा टाकीत. तिच्या हनुवटीवरची पट्टी निघाली होती; खाली एक बारीक रेघ उरली होती. ती रेघ माझी आहे. ती शाळेत जाईल, मोठी होईल, आरशात पाहील, आणि रेघ तिथेच असेल. माझ्या कामाचा मला अभिमान आहे, पण तो त्या रेघेपाशी येऊन दरवेळी मान खाली घालतो.

सविता पुढे झाली. “थांब, मी ठिवते.”

“न्हाय. माजी मी.”

खुर्ची भांड्यावर आली. फळ्या उतारावर आपापल्या टेकल्या. तो हलका, जुळणारा आवाज मला ऐकू आला. ईश्वरीने दांडा धरला, एक पाय आत टाकला. सविताचे दोन्ही हात आपोआप पुढे आले. चाचांनी नुसती मान हलवली, आणि ते हात हवेतच थांबले. पोर वळली, टेकली, पुढे झुकली. मग तिने मान वर करून आम्हा सगळ्यांना पाहिले, एकेकाला, गर्दी झाल्यासारखे.

“तू जा,” ती आईला म्हणाली.

“आगं, मी हितंच थांबते की.”

“न्हाय. दार लाव.”

सविताने दार लावले. आम्ही चौघे बाहेर, निळ्या पत्र्यासमोर, ऊन अंगावर घेत उभे राहिलो. चाचा आपल्या तळहाताकडे पाहत होते. आजीने कुजबुजत विचारले, “हाक मारू का?” सविताने ओठांवर बोट ठेवले. तिचा दुसरा हात पोटावर होता. वारा पडला होता, आणि ती दुपार एखाद्या भरल्या घागरीसारखी, न हिंदकळता, आमच्यामध्ये उभी होती. किती वेळ गेला, सांगता येणार नाही.

मग आतून, साऱ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात, हुकूम आला:

“मम्मेऽऽ, झाली!”